ठकूकाकीच्या हातचं

ठकूकाकी तापाच्या घरात शिरली की आधी चुलीकडे बघायची, मग आजारी माणसाकडे. चुलीवर कढई दिसली की कपाळाला हात लावायची आणि घरातल्या बाईला म्हणायची, "फोडणी घातलीस? घरात पाव्हणा आलाय आन् त्याच्या नाकात मोहरी उडवतीस व्हय गं?"

पाव्हणा म्हणजे ताप. डॉक्टर ज्याला टायफॉईड म्हणतात आणि आमच्याकडे ज्याला मुदतीचा ताप म्हणत, तो. काकी त्याचं नाव कधी तोंडातून काढत नसे. "त्याला हाकलायचं न्हाई आन् त्याच्यावर रागवायचं बी न्हाई," ती सांगायची. "मुदत भरली की आपसूक उठून जातोय."

मी आता पन्नाशीला टेकलो आहे आणि चिंचवडला राहतो. परवा शेजारच्या मुलाला हाच ताप आला. डॉक्टरांनी औषध दिलं, काही दिवसांत पोरगं उठून बसलं. त्याची आई त्याला मऊ भात कालवून भरवत होती. तिचा हात मला खिडकीतून दिसला आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. काही नाही म्हणायची मला फार वर्षांची सवय आहे. ती एकदा तरी मोडावी म्हणून हे लिहितो आहे.

कुरुळीला आमचं आणि काकीचं घर एका भिंतीला लागून. नात्यानं ती आमची कोणी नव्हे, माझ्या आईची मैत्रीण. दोघी एकाच सालात लग्न होऊन गावात आलेल्या. उंच, सावळी, हाडापेरानं दणकट बाई. केस मात्र आखूड आणि कुरळे, कितीही तेल चोपडलं तरी पदराच्या बाहेर डोकावणारे. ते केस जन्माचे नव्हते. नवी नवरी असताना तिला मुदतीचा ताप आला. सासूनं तिला शेळ्यांच्या गोठ्यात निजवलं. मुदत संपली, ताप उतरला, आणि पुन्हा उलटला. सासऱ्यानं सरणासाठी गोवऱ्या मोजून ठेवल्या होत्या म्हणतात. मग एका सकाळी गोठ्यातून आवाज आला, "आत्याबाई, दहीभात हाय का?" केस सगळे गळून गेले आणि नव्यानं आले ते असे कुरळे. गावानं त्याचा अर्थ लावला. ताप तिला सोडून गेला पण खूण ठेवून गेला. आता त्याची आणि तिची ओळख आहे.

आमच्या त्या चार गावांत एक रीत होती. पुढं पुष्कळ ठिकाणी चौकशी केली, पण दुसरीकडं कुठं ती मला ऐकायला मिळाली नाही. तापाच्या घरात फोडणी नाही, तळण नाही. जेवायचं ते गार अन्न : दहीभात, ताकातल्या कण्या, दुधात कुस्करलेली भाकरी. आणि ते कालवायचं तापातून उठलेल्या माणसाच्या हातानं. आजाऱ्यानंच नव्हे, घरातल्या सगळ्यांनी मुदत संपेपर्यंत तेच खायचं. म्हणजे ताप एकावर समाधान मानतो, दुसऱ्यावर डोळा ठेवत नाही.

असा हात आमच्या गावात काकीचा. कुरुळीतूनच नव्हे, चाकणहून, मोशीहून बैलगाडी घेऊन माणसं तिला न्यायला येत. ती कधी नाही म्हणाली नाही. शेतात कांदा काढायला आलेला असो की स्वतःच्या घरी पाहुणे असोत, ती खुरपं टाकून गाडीत बसायची. खण देऊ केला तर परत करायची. कालवताना बांगड्या कोपरापर्यंत मागं सारायची. त्या बांगड्यांचा आवाज झाला की घरातली पोरं परातीभोवती गोळा व्हायची, कारण काकीच्या हातचा दहीभात जसा लागायचा तसा मी पुन्हा कुठं खाल्लेला नाही. एकदा माझ्या आईनं तिला पळी दिली. काकी म्हणाली, "पळीला काय कळतंय बायजे? मीठ हाताला कळतंय."

ती स्वतः कधी आजारी पडली नाही. "मला शिंक बी येत न्हाई," म्हणायची. "यम माझं घरच इसरलाय." तिचा नवरा महिपतकाका कमी बोलणारा. तो अशा वेळी चिलीम बाजूला करून एवढंच म्हणे, "इसरंल न्हाई तर काय. आला तर त्यालाबी जेवायला बसवशील."

तिला तीन मुलं झाली. थोरली सुंदरा तेवढी जगली. भिवा आणि चंपा लहानपणीच गेले, दोघंही तापानं, एकामागोमाग एक. काकी याबद्दल बोलत नसे. एकदाच, आईजवळ बसून निवडणटिपण करताना म्हणाली होती, "माझ्या हाताचा गुण लोकांच्या पोरांस्नी. माझ्यांना न्हाई आला."

माझा धाकटा भाऊ वसंता तापला तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. काकी आमच्या घरी जवळपास राहायलाच आली. वसंताला भरवताना ती तापाशी बोलायची, "झालं का तुझं? पोरगं किती वाळवलंस बघ. आता जा की बाबा तुझ्या गावाला." वसंता त्यातही हसायचा. मुदत संपली आणि तो उठला. आम्ही गणपतीला नारळ फोडला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई तापानं पडली.

लोक म्हणाले, ताप घरात फिरतो. एकाला सोडतो, दुसऱ्याला धरतो. काकीनं आईची जी सेवा केली ती आम्हा दोघा मुलांकडून झाली नसती. आईला शुद्ध नव्हती तेव्हा काकी तिच्या ओठांना ताक लावत बसायची. आई गेली त्या दिवशी तिला न्हाऊ घालणारीही तीच. नंतर कितीतरी दिवस आम्हा भावांचं ताट ती भिंतीवरून देत राहिली. ताट देताना डोळ्याला डोळा देत नसे. आईला वाचवता आलं नाही याची तिला लाज वाटत होती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले. मला एका औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली, बाटल्या धुण्याच्या खात्यात. कुरुळीहून सायकलवर मोशी, भोसरी करत जायचं. खात्यात पहिल्याच दिवशी साहेबांनी एक धुतलेली बाटली उजेडात धरली. "स्वच्छ आहे?" मी म्हणालो, आहे. "दिसते आहे," ते म्हणाले. डोळ्यांना न दिसणारे जंतू, उकळतं पाणी, साबणानं कोपरापर्यंत हात धुणं, हे सगळं मी तिथं शिकलो. गावात आल्यावर पारावर सांगायचो. लोक चेष्टा करायचे. "दत्तूराव, तुमच्या जंतूला शेपूट असतंय का ओ?" काकी मात्र मन लावून ऐकायची. तिनं माझ्याकडून साबणाची वडी मागून घेतली आणि देव्हाऱ्याजवळ जपून ठेवली. रोज वापरायला तिचा जीव होत नसे.

मग ते गोकुळाष्टमीचं वर्ष आलं.

आमच्याकडे अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी देवळात काला होतो. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, दूध, कैरीचं लोणचं, सगळं एका मोठ्या घंगाळात कालवायचं. एरवी उष्ट्याखरकट्याचा इतका विचार करणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या तोंडात घास घालतात. काल्याला उष्टं नसतं. आणि प्रसादाला नको म्हणायचं नसतं, हात धुवायचे नसतात, डोक्यालाच पुसायचे. त्या वर्षी काला कालवायचा मान काकीला दिला. बाईमाणसाला तो मान गावात पहिल्यांदाच मिळत होता. ती नवं लुगडं नेसली. घंगाळात कोपरापर्यंत हात घालून कालवताना ती लाजत होती आणि बाया तिला चिडवत होत्या, "ठके, किस्नाला बी ताप आलाय का गं, तुला बोलावली ती?" मीही तिच्या हातचा घास घेतला. सगळ्या गावानं घेतला.

गणपती बसले तोवर घरोघर अंथरुणं पडली. इतका ताप गावानं कधी पाहिला नव्हता. कुणी म्हणालं पाणी बाधलं, कुणी म्हणालं बाईच्या हातून काला झाला म्हणून देव कोपला. काकीला उसंत नव्हती. एका घरातून दुसऱ्या घरात, हाताला दह्याचा वास, डोळे खोल गेलेले. काही घरांतून लहान पोरांची प्रेतं निघाली. कितीजण गेले ते मी इथं लिहीत नाही. त्यांची घरं अजून आहेत.

मीच पुण्याहून डॉक्टरांना आणण्याची खटपट केली. डॉक्टर तरुण होते आणि त्यांना चीड येत नसे. त्यांनी विहिरीत औषध टाकलं, घराघरांत चौकशी केली, सगळ्यांनी मिळून कधी काय खाल्लं ते विचारलं. मग ज्यांनी ज्यांनी अन्नाला हात लावला होता त्यांच्या शौचाची तपासणी करायची ठरली. पत्र्याच्या लहान डब्या वाटायचं आणि गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

गावाला हसायला कारण मिळालं, इतक्या दुःखातही. "दत्त्या, कारखान्यात आता ह्याची बी औषधं करायला लागले काय रं?" बाया तर डबी पाहिली की दार लावून घेत. अशा वेळी काकी पुढं झाली. तिनं सगळ्यांत आधी डबी नेली आणि दुसऱ्या दिवशी राखेनं घासून, लख्ख करून रिकामी परत दिली. मी म्हणालो, "काकी, ह्यात घालून द्यायचं असतंय."

"ईऽ! आन् तू ती सायकलला लावून नेणार? तुझ्या आईनं मला काय म्हटलं असतं?"

पण तिला पटल्यावर तिनं दिली, आणि दारोदार फिरून बायांना समजावलं. "अगं, लाजता काय? दत्तू आपल्याच पोरांसाठी करतोय." तिच्यामुळंच त्या डब्या मिळाल्या.

निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी मला चाकणच्या दवाखान्यात बोलावलं. ज्यांना ताप नाही अशा लोकांत एकाच डबीत तापाचे जंतू सापडले होते. पुन्हा तपासलं तरी तेच. ठकूकाकी.

"पण ती तर कधी आजारी पडत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "तिला नवी नवरी असताना ताप आला होता ना? तो गेलाच नाही. तिच्या पित्ताच्या पिशवीत राहिला आहे. तिला काही करत नाही. ती जे शिजवते ते शिजतं, जंतू मरतात. पण शिजवल्यावर ती जे हातानं कालवते..." मग म्हणाले, "यात तिचा काडीचा दोष नाही. हे आधी तिला एकटीला सांगा, नीट समजावून. मग गावाचं पाहू. मी परवा येतो."

मोशीच्या बाजूनं वारं सुटलं होतं. सायकल चालवताना माझ्या डोक्यात गावातलं एकेक घर येत होतं. ती घरात आली की ताप घरभर फिरायचा. आम्ही म्हणायचो, फिरतो म्हणून तिला बोलवावं लागतं.

पारावर माणसं बसली होती. देवळाचे कारभारी बाबूराव मला बघून उठले. "बरं झालं आलास. जरा तुझ्या ठकूकाकीला हाक मार. नातवाला कालपासून ताप हाय."

मी सायकल टेकवली. तिला एकटीला आधी सांगायचं, हे मला आठवत होतं. पण ते पोर माझ्या डोळ्यासमोर आलं, आणि खरं सांगायचं तर आणखीही काही होतं. इतकी वर्षं ज्यांनी जंतूंच्या शेपटाची चेष्टा केली ती माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तिला बोलवू नका," मी म्हणालो.

"का रं?"

"ताप तिच्याच हातून येतोय. तपासणीत निघालंय. काल्यातबी तिच्याच हातून आला."

बाबूराव परत पारावर टेकले. मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजे पोरं तिनंच खाल्ली म्हण की."

"तसं न्हाई," मी म्हणालो, आणि मी समजावायला लागलो. पित्ताची पिशवी, साबण, उकळतं पाणी, गार अन्न. मी पुष्कळ बोललो. माझ्या पहिल्या वाक्यानंतर कोणी ऐकत नव्हतं. अर्धे तर उठून घराकडं निघाले होते.

मी काकीकडं गेलो तोवर दिवस मावळला होता. ती ओट्यावर बसली होती. विहिरीवर बायांनी आपल्या घागरी तिच्यापासून उचलून घेतल्या होत्या आणि कुणीतरी तिच्या अंगावर थुंकलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं मला बसायला पाट दिला नाही.

"दत्तू, खरं हाय?"

"खरं हाय काकी. पण तुझा दोष न्हाई. तुला ठावं नव्हतं, कुणालाच..."

"दोषाचं इचारत न्हाई मी." ती जमिनीकडं बघत होती. "मला एवढंच सांग. माझी चंपी?"

मी ओट्याची माती नखानं खरवडू लागलो.

"आन् भिवा?"

आत महिपतकाका खोकला. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघून, अगदी हळू आवाजात विचारलं, "बायजा?"

बायजा म्हणजे माझी आई.

याचं खरं उत्तर 'माहीत नाही' हे होतं. आज मी शपथेवर सांगतो, खरोखर कुणालाच माहीत नव्हतं. विहिरीचं पाणी होतं, माशा होत्या, वसंताची घाण आई स्वतःच काढत होती. ताप कुठूनही आला असेल. डॉक्टरांनाही ते सांगता आलं नसतं. 'माहीत नाही काकी' हे खोटं नव्हतं आणि त्यात दयाही होती. पारावर मी न विचारता इतकं बोललो होतो. इथं तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आईचं नाव ऐकून माझ्याही मनात क्षणभर तेच आलं होतं जे पारावरच्या माणसाच्या मनात आलं. ते तिनं माझ्या तोंडावर वाचलं.

"बरं," ती म्हणाली.

ती उठली. दह्याचं मडकं आणून तिनं उकिरड्यावर ओतलं. मग राखेनं हात घासायला बसली. मी निघालो तरी ती घासतच होती.

गावानं माझं ऐकलं, पण मी सांगितलेलं काही घेतलं नाही. फोडणी बंदच राहिली, गार अन्नही तसंच राहिलं. फक्त हात बदलला. त्या साथीतून उठलेल्या एका पोरीला बाबूरावांच्या घरी दहीभात कालवायला बसवलं. मी डोकं फोडून सांगितलं, अरे, ताप आलेल्या कुणाच्याही पोटात तो राहू शकतो. बाबूराव म्हणाले, "हिची सावली तशी न्हाई." तापाशी ओळख असणं ही आधी देवाची देणगी होती, आता ठकूकाकीपुरती ती चेटूक झाली. श्रद्धा होती तिथंच होती. मी तिची वाट तेवढी काकीच्या दारावरून वळवली होती.

तिच्या उंबऱ्यावर लिंबं पडू लागली. पोरं तिच्या ओट्यासमोरून पळताना श्वास रोखून धरत. महिपतकाका आयुष्यात कधी बाहेर बसून जेवला नव्हता. तो आता रोज दुपारी ताट घेऊन ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसायचा. दहीभात. काकी नको नको म्हणायची तर तिचा हात धरून तिलाच कालवायला लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "ह्या हाताचं खाऊन म्हातारा झालो. अजून मेलो न्हाई." मी एकदा त्याला म्हणालो, "काका, हात धुवायला लाव तिला आधी." तो म्हणाला, "तू आता काय बोलू नगंस दत्तू. तुझं बोलून झालंय." एवढा राग मी त्याच्या तोंडी दुसऱ्यांदा ऐकला नाही.

डॉक्टरांनी काकीला पुण्याच्या इस्पितळात नेलं. औषधं झाली. पित्ताची पिशवी काढायचं बोलणं झालं, पण तिच्या छातीत दोष निघाला, भूल द्यायला मोठे डॉक्टर धजले नाहीत. तिथल्या नर्सबाईंशी तिची गट्टी जमली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती कॉटवर हात पदरात गुंडाळून बसली होती. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीला पेज पाजायला कुणी नव्हतं, भांडं तसंच निवत होतं, आणि काकी भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"तपासलं का रं पुन्हा?" तिनं विचारलं. "गेला का?"

"न्हाई काकी."

"एवढी वर्सं जेवू घातला त्याला," ती म्हणाली. "जाईल कशाला."

त्यानंतर महिपतकाका वारला. तापानं नव्हे, दम्यानं. सुंदरा आईला आपल्या सासरी, माणला घेऊन गेली. मी पिंपरीजवळ खोली घेतली. माणला जायचं दर सुट्टीला ठरवायचो आणि दर सुट्टीला काहीतरी निघायचं. तसं काही निघत नव्हतं.

शेवटी एकदा गेलो. त्या काल्याला दहा वर्षं होत आली होती. सुंदराचं घर गावाच्या टोकाला होतं, मागं भाताची खाचरं. सुंदरानं मला आत घेतलं, पण तिच्या बोलण्यात थंडपणा होता आणि तो मला पटला. काकी पडवीत एका कोपऱ्यात बसली होती. तिचा तांब्या वेगळा, ताट वेगळं, मोरीकडं जायची वाटसुद्धा घराबाहेरून. मला वाटलं हे सासरच्यांनी केलं. सुंदरा म्हणाली, "न्हाई वो दत्तूदादा. आमी कुणी काय म्हणत न्हाई. तीच ऐकत न्हाई. सैपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावत न्हाई. पोराला अजून एकदा सुदिक उचलला न्हाई तिनं."

पोर म्हणजे बाळू, नुकता बोलायला लागलेला. सुंदराची आधीची दोन राहिली नव्हती, त्यांच्यावरचा हा.

मी काकीजवळ बसलो. ती खूप बारीक झाली होती. तिनं माझी, वसंताची, माझ्या मुलांची चौकशी केली. मग मी जे इतक्या वर्षांनी सांगायला आलो होतो ते सांगितलं. म्हणालो, "काकी, इतकं लांब राहायचं कारण न्हाई. साबणानं हात स्वच्छ धुवायचे, नखं काढायची, गरम गरम अन्न द्यायचं. पोराला उचलायला, मांडीवर घ्यायला तर काहीच हरकत न्हाई."

ती ऐकत होती. पूर्वी पारावरून आल्यावर ऐकायची तशीच, मन लावून.

"मग त्याला काय व्हणार न्हाई?"

"न्हाई व्हायचं."

"खात्री देतोस?"

मी बाटल्या उजेडात धरणारा माणूस. मला खात्री या शब्दाचा अर्थ शिकवला होता. बहुतेक काही होणार नाही, जवळजवळ नक्की काही होणार नाही, हे मला माहीत होतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. या वेळी तिनं माझी समजूत काढल्यासारखं म्हटलं. "तू खोटं बोलत न्हाईस, ह्ये बरं हाय."

सुंदरानं बाळूला वाटीत दूधभाकरी कुस्करून दिली आणि ती माझ्या चहासाठी आत गेली. पोर वाटी घेऊन पडवीभर हिंडलं. दोन घास स्वतः खाल्ले, दोन सांडले. मग ते आजीच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं, मूठभर दूधभाकरी काढली आणि तिच्या तोंडाशी नेली. काकीनं आधी मान फिरवली. पोर ऐकेना. तेव्हा तिनं डोळे मिटून तोंड उघडलं आणि तो घास घेतला. तिच्या हनुवटीवरून दूध ओघळलं. तिनं ते पुसलं नाही, कारण तिचे दोन्ही हात पदराखाली होते.

"आता तू मला," बाळू म्हणाला आणि वाटी तिच्या मांडीवर ठेवून त्यानं आ केला.

ती हलली नाही. पोर आ करून उभंच होतं. मग त्याला वाटलं हा काही खेळ आहे. त्यानं हसत तिच्या पदराखाली हात घातला आणि तिची बोटं शोधायला लागला. काकी मागं सरकली, आणखी सरकली. पाठ भिंतीला टेकली तेव्हा तिनं हात अंगाखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"सुंदरे," तिनं हाक मारली, "पोराला घे गं."

सुंदरा आत स्टोव्ह पेटवत होती, तिला ऐकू गेलं नाही. बाळू तसाच उभा होता, तोंड उघडं ठेवून.